सोलकराचा नेम

माणूस परदेशात गेला की काहीतरी जमवतोच. कोणी सोनं जमवतो, कोणी मनगटी घड्याळं, कोणी गावी माडी चढवण्यापुरतं सिमेंट, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते पोट जमवतात. आमच्या मुनव्वर सोलकराने कुवेतमध्ये येऊन रणगाडे फोडायच्या बंदुका जमवल्या. त्यासुद्धा रणगाडा न फोडणाऱ्या.

तिथल्या जहरा गावात एका ठेकेदाराच्या गोदामावर तो स्टोअरकीपर होता आणि मी, कासम, त्याच ठेकेदाराची पिकअप हाकायचो. दोघंही दाभोळकडचे, एकाच वाडीतले. जर्मनांशी झालेल्या मोठ्या लढाईच्या काळात मुनव्वर इराकमधल्या बसऱ्याच्या लष्करी डेपोत सामान वाटायचा. ती संपल्यावर थोडी वर्षं इकडेतिकडे करून पन्नासच्या सुमाराला कुवेतला आला. तेव्हाचा जहरा म्हणजे मातीची घरं, खजुराच्या बागा आणि मधून बसऱ्याकडे जाणारा रस्ता. त्या रस्त्याने लढाईतलं भंगार लॉऱ्या भरभरून यायचं. इंग्रजांनी आणलं त्यातलं निम्मं वापरलं नाही आणि वापरलं ते परत नेलं नाही. आमची शहाणी माणसं त्या भंगारातून तंबूचं कापड, पाण्याचे डबे, लोखंडी खाटा असं पाहून घ्यायची. मुनव्वरने पहिल्या झटक्यालाच बंदूक उचलली.

बंदूक म्हटल्यावर शिकाऱ्याची दुनळी डोळ्यांपुढे आणू नका. ही पाच फुटांहून लांब, दोघांनी उचलावी अशी जड, पुढे एक पाय, वरच्या बाजूला काडतुसांचं घर आणि दस्त्याला रबराची गादी. तिचं काडतूस हाताच्या पंजाएवढं. बघणाऱ्याला वाटावं, ही बंदूक नुसती पडवीत टेकवून ठेवली तरी गावात चोरी होणार नाही. आता खरी गंमत ऐका. ज्यांनी ही बनवली त्यांनी ती पातळ पत्र्याच्या रणगाड्यांसाठी बनवली. मग जर्मनांनी पत्रा जाड केला. दुश्मनाने विचारून पत्रा जाड करावा, एवढी माणुसकी लढाईत नसते. साहेब लोकांच्या हे लगेच ध्यानात आलं. त्यांनी आपल्या पलटणींसाठी चांगल्या तोफा मागवल्या आणि या बंदुका उदार मनाने लॉऱ्या हाकणाऱ्या हिंदी पोरांना देऊन टाकल्या. दान करावं तर असं.

आठ-दहा वर्षांत मुनव्वरकडे अशा तीन इंग्रजी बंदुका झाल्या. चौथी रशियन होती, माणसापेक्षा लांब, इराणच्या किनाऱ्यावरून गालिचे आणणाऱ्या एका नाखव्याने ती गालिच्यात गुंडाळून आणली होती. ती घ्यायला आम्ही पिकअप घेऊन बंदरावर गेलो तेव्हा मुनव्वर नवरी आणायला निघाल्यासारखा अत्तर लावून आला होता. लाकडाला जवसाचं तेल, नळीला रॉकेल, काडतुसं बिस्किटांच्या डब्यात लाकडाच्या भुश्यात घालून. प्रत्येक काडतुसाच्या पितळी बुडावर कारखान्याची खूण आणि साल असे. ते वाचून तो त्यांची लावणी करायचा. एकेचाळीसची इकडे, बेचाळीसची तिकडे. रिकामी पुंगळी असली तरी चालायची, पण जिवंत काडतूस मिळालं की त्या दिवशी तो माझ्याशी गोड बोलायचा.

त्याची बायको झुलेखाभाभी पंचावन्न साली गावाहून आली आणि तिने या खजिन्याचा चांगला उपयोग केला. रशियन बंदूक दोन पिंपांवर आडवी ठेवून तिच्यावर ती मासळी सुकवायची. मुनव्वर ओरडायचा, "अगो, मिठाने गंज चढेल!"

"चढू दे," ती म्हणायची. "तुमच्या लोखंडाने जल्मात काय पोटाला घातलान? आज सुरमय तरी सुकवतंय."

जमातीत त्याची यथेच्छ टवाळी व्हायची. आमची जमात म्हणजे जहऱ्यातले आणि आसपासचे पंधरा-वीस कोकणी. दर शुक्रवारी नमाजानंतर मजीद मुकादमाच्या दुकानामागच्या खोलीत जमायचे. मजीद जमातीचा प्रमुख. लढाईत जाऊन आलेला, वजनदार, दाढी मेंदीने रंगवलेली. कोणाच्या घरी जेवण असलं की पहिलं ताट मजीदभायचं. त्याने घास घेईपर्यंत बाकीचे हात धुऊन बसतात, पण जेवत नाहीत. गावाची मशीद, गावाची शाळा, कोणाच्या पोरीचं लग्न कुठे व्हावं आणि कोणाचं मोडावं, हे सगळं तो त्या तेलाच्या डब्यांमध्ये बसून ठरवायचा. मुनव्वर आत आला की कोणीतरी हटकून म्हणायचं, "या, सोलकराचा नेम आला."

हा काय प्रकार, ते सांगितलंच पाहिजे. मुनव्वरला एक धाकटा भाऊ होता, अशरफ. तो आणि मजीद एकाच लष्करी लॉरीवर, लिबियाच्या वाळवंटात. त्यांच्या लॉरीलाही हीच बंदूक मिळाली होती. बेचाळीसच्या उन्हाळ्यात जर्मन रणगाडा त्यांच्या तांड्यावर चालून आला. अशरफ तिथेच गेला, मजीद परत आला. गावाने मजीदला मांडव घालून जेवण दिलं आणि सगळ्यांनी विचारलं, काय झालं? मजीदने सांगितलं, "गाडी मी हाकत होतो. बंदूक अशरफकडे होती. रणगाडा या अंगणातून त्या विहिरीइतका जवळ आला, अशरफने गोळी मारली आणि नेम चुकला. अल्लाची मर्जी."

मेलेल्या माणसाबद्दल गावाने चार दिवस हळहळ केली. पाचव्या दिवसापासून त्याचा नेम कामाला लावला. कोणाचा भात करपला, सोलकराचा नेम. कोणाच्या पोराने आंब्याला दगड मारला आणि तो कौलावर गेला, सोलकराचा नेम. अशरफची विधवा म्हणजे झुलेखा. इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले, वर्ष-दोन वर्षं गेली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी आमच्यातल्या रिवाजाप्रमाणे तिचा निकाह थोरल्या दिराशी, मुनव्वरशी लावला. म्हणजे नवरा बदलला, आडनाव तेच, टोमणाही तोच. ती विहिरीवर गेली की बाया घागर मुद्दाम बाजूला सोडायच्या आणि हसायच्या. माणसाची जात अशी गुणी की गेलेल्याच्या नावाने फातिहा वाचते आणि त्याच तोंडाने त्याची चेष्टा करते.

आणि मुनव्वर? अशाच बंदुका बसऱ्याच्या डेपोत त्याने स्वतःच्या हाताने लॉऱ्यांवर चढवून दिल्या होत्या. तिथे एक गोरा हवालदार दारू प्यायल्यावर खरं बोलायचा. त्याने मुनव्वरला सांगितलं होतं की या बंदुकीची गोळी नव्या रणगाड्याला लागली काय आणि न लागली काय, सारखंच. मुनव्वरच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं. अशरफचा नेम चुकला नाही, गोळी लागली आणि उडाली, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. बोलून कोणी ऐकेना, म्हणून तो बंदुका जमवत होता, गोळ्या जमवत होता. एक दिवस गोदामात त्याने मला हे सांगितलं.

"मंग मार ना एकदा," मी म्हटलं.

"कशावर मारू? तुझ्या पिकअपवर? रणगाडा नको?"

त्याचं बरोबर होतं. रणगाडा काही भंगारात मिळत नव्हता.

तो चालून येईल अशी वेळ मात्र आली. एकसष्टच्या जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झाला आणि आठवड्याच्या आत इराककडून हाक आली की हा मुलूख आमचाच. आता रणगाडे येणार, आणि येणार ते बसऱ्याच्या रस्त्याने, म्हणजे पहिल्यांदा जहऱ्यात. जमातीतल्या वाघांचा चेहरा त्या दिवसांत बघण्यासारखा होता. अर्धे मुंबईच्या बोटीची चौकशी करत होते, अर्धे आजारी पडले होते. आणि एका सकाळी सगळी जमात मुनव्वरच्या दारात, पुढे मजीदभाय.

"मुनव्वर," मजीद म्हणाला, "तुझ्या त्या बंदुका गच्चीवर चढव. रस्ता दिसतो तिथून."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? रणगाडा आला तर?"

मुनव्वर इतका हसला की त्याला खोकला आला. "मजीदभाय, धा वरसां मी काय बोंबलतंय? या बंदुकीने रणगाडा फुटत नाय."

"फुटतो," मजीद म्हणाला. "नेम लागला पायजे."

बघा कशी पंचाईत. बंदूक चांगली म्हणावी तर भाऊ चुकला. वाईट म्हणावी तर ही मंडळी म्हणणार, घाबरला, सोलकरच तो.  शेवटी झुलेखाभाभीच दारातून म्हणाली, "मासळी उतरवा आदी, मंग न्या."

त्यांनी खरंच मासळी उतरवली आणि ती रशियन बंदूक गच्चीवर नेऊन ठेवली. दोन दिवस पाच माणसं तिच्याभोवती बसून पत्ते खेळली. मग गोऱ्यांची फौज उतरली, तिचे रणगाडे आमच्या उत्तरेला चढावर जाऊन बसले, आणि आमच्या वीरांनी बंदूक तिथेच उन्हात टाकून घर गाठलं. कोणी यायचं होतं ते आलं नाही. नंतर सगळे सांगत सुटले की जहऱ्याचा बंदोबस्त आम्हीच केला होता.

गोरे हिवाळ्याच्या तोंडाला निघून गेले, पण जाताना वाळवंटात एक मोठा लोखंडी पत्रा उभा सोडून गेले. तोफांच्या सरावासाठी तो आणला होता, पण त्यावर एकही गोळा बसला नव्हता. मला तो विहिरीचं सामान नेताना दिसला. मी मुनव्वरला नेऊन दाखवला. तीन बोटं जाड. तो त्या पत्र्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिला. त्या शुक्रवारी त्याने जमातीत उभं राहून सांगितलं, "मजीदभाय, येत्या जुम्म्याला चला. पत्र्याची जाडी तुमी बघा, अंतर तुमी ठरवा. गोळी आरपार गेली तर माझा भाऊ चुकला, मी कबूल करीन, आणि बंदुका दर्यात टाकीन. नाय गेली, तर त्याच्या नावाचा टोमणा या खोलीत परत कोणी काढायचा नाय."

मजीद म्हणाला, "कशाला जुनां उकरतंस?" पण बाकीच्यांना फुकटचा तमाशा हवा होता. तमाशा म्हणजे आमच्यात जेवण आलंच. एका मेलेल्या माणसाच्या अब्रूचा निकाल लागायचा होता आणि आमची चर्चा चालली होती की मटण पुलाव करायचा की बिर्याणी. बिर्याणी ठरली. हवा थंड, आकाश स्वच्छ, पिकअपमध्ये मागे बंदूक, तिच्यावर सतरंजी आणि सतरंजीवर झाकण बांधलेलं भलंमोठं पातेलं. झुलेखाभाभी पातेल्याशेजारी बसली होती. 

मजीदने पत्रा बोटांनी मापला. "असाच होता," म्हणाला. "एवढाच जाड." मग पावलं टाकत मागे आला आणि टाच रुतवून म्हणाला, "इथून."

मुनव्वरने एकेचाळीस सालची काडतुसं भरली. पहिला मान त्याचा. आडवा झाला, चष्मा सरळ केला, कलमा पुटपुटला आणि चाप ओढला. कान बधिर करणारा आवाज झाला, वाळूचा लोट उठला. लोट बसला तेव्हा मुनव्वर बंदुकीच्या मागे हातभर सरकलेला होता, चष्मा गळ्यात आला होता आणि उजवा खांदा धरून तो कण्हत होता. पत्रा जसाच्या तसा. गोळी कुठल्या कुठे वाळवंटात गेली होती.

 मग जमात जी हसली! "सोलकराचा नेम! दोघांचा पण सारकाच!" माणसं अक्षरशः वाळूत लोळली. मला इतका राग आला होता की मी पातेल्याचं झाकण फेकून मारणार होतो. मी स्वतः झोपलो आणि मारली. माझीही गोळी वाळूत गेली आणि खांद्याला असा धक्का बसला की दात वाजले. मग आणखी एकाने मारली, तो तर उलटा पडून रडायलाच लागला. त्यानंतर मात्र हसणारे मागे मागे सरकू लागले.

मुनव्वर खांदा धरून उठला. "मजीदभाय, आता तुमी."

"मी? मी डायवर. मी या बंदुकीला हात लावलेला नाय."

"मंग आज लावा. आमी तरी कवा चालवलेली?"

सगळे म्हणाले, लावा, लावा. जमातीचा प्रमुख आहे, माघार घेणार कशी? मजीद कुरकुरत वाळूत आडवा झाला. आणि मग त्याचं शरीर त्याला न विचारता कामाला लागलं. त्याने डोक्याचा रुमाल काढला, चौघडी केली आणि खांद्यात खुपसली. डावा हात दस्त्याखालच्या मुठीवर आपोआप गेला. दोन्ही पाय फाकवून टाचा जमिनीला चिकटवल्या. चाप ओढण्याआधी त्याने तोंड उघडं केलं, कानाला दडे बसू नयेत म्हणून उघडतात तसं. आमच्यापैकी एकालाही यातलं काही सुचलं नव्हतं.

आवाज झाला आणि लगोलग पत्र्यावर ठण्ण झालं.

मजीदने न बघता खटका मागे खेचला, रिकामी पुंगळी उडाली, खटका पुढे गेला, पुन्हा आवाज, पुन्हा ठण्ण. त्याच्या तोंडून सवयीने शब्द गेला, "दुसरी दे." दुसरी कुणी द्यायची गरज नव्हती, काडतुसं वरच्या घरात भरलेलीच होती. पण तो हात मागे पसरून वाट बघत राहिला.

लोक पत्र्याकडे धावले. दोन खड्डे पडले होते, अंगठा मावेल एवढे. मागची बाजू गुळगुळीत. खाली वाळूत गोळ्या चेपून पडल्या होत्या. "नाय गेली आरपार! सोलकर जिंकला!" ज्यांनी आत्ता हसून पोट धरलं होतं त्यांनीच मुनव्वरची पाठ थोपटली, तीही दुखऱ्या खांद्यावर. कोणाला काहीच कळलं नव्हतं. मुनव्वरला कळलं होतं आणि मला कळलं होतं.

मजीद सगळ्यांच्या मागून आला. त्याने खड्ड्यात अंगठा घातला आणि तो बाहेर काढेना.

"मजीदभाय," मुनव्वर हळू म्हणाला, "ही बंदूक तुमी कवा चालवलीत?"

मजीद पत्र्याकडे बघत राहिला. "लागलेली," तो म्हणाला. "म्हंजे तवा पण लागलेली. मना वाटलां चुकली. रणगाडा थांबलाच नाय... मना वाटलां माझा नेम चुकला."

 एकोणीस वर्षं या माणसाने स्वतःची लाज एका मेलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवून जमातीचं पहिलं ताट खाल्लं होतं. आणि ती लाजसुद्धा खरी नव्हती. लाज वाटण्यासारखं त्याच्या हातून काही झालंच नव्हतं. खोटं बोलला नसता तर तो सरळ माणूस म्हणून मेला असता. मला त्याची कीव यायला हवी होती. मला आली नाही, आजही येत नाही.

मुनव्वर काहीतरी बोलणार होता. इतक्या वर्षांचं त्याने साठवलेलं असणार. पण झुलेखाभाभी पातेल्याकडून चालत आली होती. हातात अजून झारा होता. ती बायकांच्या रिवाजाप्रमाणे लांब थांबली नाही, सरळ मजीदच्या समोर उभी राहिली.

"नेमाचा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गावाने नेमाचां विचारलां. ह्यांनी नेमापायी घर लोखंडाने भरलां. तो मेला कसा, तां मना आजपातूर कोणी सांगितलां नाय. तुमी सांगा."

मुनव्वरने मान खाली घातली. ते त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

मजीदने अंगठा खड्ड्यातून बाहेर काढला. "आमी दोगं लॉरीच्या खाली. मी बंदुकीवर, तो गोळ्या देत होता. मी मारली. त्याने विचारलां, लागली काय? मी बोललो, नाय लागली, दुसरी दे. खालच्या संपलेल्या. पेटी वर लॉरीत होती. तो पेटी काढायला उठला."

"तू लागली बोलला असतास तर?"

"तर आमी पळालो असतो, भाभी. लागून पण थांबत नाय म्हंजे पळायचां, असां ठरलेलां."

"तो पळत नव्हता."

"नाय."

"तुना गोळी द्यायला उठला."

"होय."

 तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते, आणि मुनव्वर तर लहान पोरासारखा हुंदके देत होता. मग ती परत पातेल्याकडे गेली आणि सतरंजीवर ताटं मांडायला लागली. कोणाची भूक राहिली नव्हती, पण तिने बोलावल्यावर नाही म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. आम्ही रांगेत बसलो, मजीद त्याच्या नेहमीच्या जागी, पहिला. तिने रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून वाढायला सुरुवात केली. मला वाढलं, मुनव्वरला वाढलं, त्याच्या खांद्यावरची वाळू पदराने झटकली. सगळ्यांची ताटं भरली. मजीदच्या ताटापाशी येऊन तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि "मजीदभायला वाढा" असं आमच्यातल्या एकानेही म्हटलं नाही.